मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर : घास, वाणी आणि दात

‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ हे शब्द कानी पडताच रुग्णाच्या आप्तांना हायसे वाटते. गाठ निघाली, धोका टळला, आता चार दिवसांत माणूस घरी येईल आणि पूर्ववत कामाला लागेल, अशी त्यांची समजूत असते. मुखाच्या कर्करोगाच्या बाबतीत ही समजूत अपुरी ठरते. रुग्ण घरी येतो तेव्हा त्याच्या गालाचा, जिभेचा वा जबड्याचा काही भाग गेलेला असतो. त्याबरोबर काही दात आणि कित्येकदा एका बाजूचे सर्व दात गेलेले असतात. ज्या मुखाने तो जेवत होता, बोलत होता, हसत होता, त्या मुखाशी त्याला नव्याने ओळख करून घ्यावी लागते. ही ओळख होण्यास काही महिने आणि क्वचित एखाद-दोन वर्षेही लागतात. या काळात योग्य माहिती मिळाली तर रुग्ण पुन्हा उभा राहतो. माहितीअभावी मात्र मोठ्या कष्टाने वाचलेला जीव उपासमार, दुखणी आणि एकलकोंडेपणा यांत झिजतो.

हा प्रश्न केवळ रुग्णालयांचा नाही. रुग्णालयातील वास्तव्य दोन-तीन आठवड्यांचे असते. पुढची वर्षे रुग्ण आपल्या गावात काढतो. म्हणूनच शिक्षक, पंचायतीचे सदस्य व शासकीय कर्मचारी यांना या विषयाची मूलभूत माहिती असणे अगत्याचे आहे.

रोगाची व्याप्ती

जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७५ हजार व्यक्ती या रोगाने दगावल्या. भारतीय पुरुषांमध्ये हा सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. पाश्चात्त्य देशांत मुखाच्या कर्करोगात जीभ व जिभेखालील भागाचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे मात्र गालाची आतील बाजू व खालची हिरडी यांच्या सांध्यावर तो अधिक उद्भवतो. याचे कारण उघड आहे. तंबाखू-चुन्याची चिमूट, गुटखा वा पानाचा विडा तासन्‌तास याच जागी दाबून धरला जातो. महाराष्ट्रात मशेरी लावण्याची चालही जुनी आहे. त्यामुळे विडी-सिगारेटला कधीही न शिवलेल्या स्त्रियाही या रोगातून सुटत नाहीत. केवळ सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. तथापि २०१६-१७ मधील राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीत राज्यातील सुमारे एक-चतुर्थांश प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत असल्याचे दिसून आले. म्हणजेच येत्या काही वर्षांत अशा शस्त्रक्रियांना सामोरे जाणाऱ्यांची संख्या लहान असणार नाही.

दात का जातात ?

‘रोग गालाला झाला, मग दात का काढले ?’ असा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. त्याची उत्तरे तीन आहेत.

पहिले कारण शस्त्रक्रियेच्या तत्त्वातच आहे. कर्करोगाची गाठ डोळ्यांना दिसते तेवढीच नसते. तिची सूक्ष्म मुळे भोवतालच्या पेशीजालात पसरलेली असतात. म्हणून गाठीभोवतालचा सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भागही तिच्याबरोबर काढावा लागतो. गाल व हिरडी यांच्या सांध्यावर रोग असेल तर या कक्षेत जबड्याचे हाड येतेच. हाडात रोग शिरला नसेल तर दात बसलेली वरची कड तेवढी काढून खालचे हाड शाबूत ठेवता येते. रोग हाडात उतरला असेल तर मात्र जबड्याचा तेवढा संपूर्ण तुकडा काढण्यावाचून गत्यंतर नसते. दोन्ही प्रकारांत त्या भागातील दात जातात.

दुसरे कारण म्हणजे रोगानेच पोखरलेले हाड. अशा हाडातील दात आधीच हलू लागलेले असतात. येथे एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोणतेही उघड कारण नसताना दात अचानक हलू लागला, किंवा दात काढल्यानंतर तेथील खड्डा दोन-तीन आठवड्यांतही भरून आला नाही, तर ती कर्करोगाची खूण असू शकते. अशा वेळी केवळ गोळ्या घेऊन काळ दवडू नये.

तिसरे कारण किरणोपचाराशी निगडित आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

शस्त्रक्रियेत मानेतील गाठीही काढल्या जातात, कारण मुखातील रोग प्रथम त्या मार्गाने पसरतो. रोग आरंभीच्या अवस्थेत असला तरी मानेची शस्त्रक्रिया लगेच करावी की मानेत गाठ दिसू लागल्यावर करावी, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारदांनी या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला व २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मानेची शस्त्रक्रिया आरंभीच केलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हेच प्रमाण ६७.५ टक्के होते. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या या रुग्णालयाच्या अभ्यासाने जगभरच्या उपचारपद्धतीला दिशा दिली. त्याबरोबरच आरंभीच्या अवस्थेतील रोग बरा होण्याची आशा किती मोठी असते, हेही त्यावरून स्पष्ट होते.

काढलेल्या भागाची भरपाई

काढलेल्या भागाची पोकळी भरून काढण्यासाठी शरीराच्या अन्य भागातील कातडी, स्नायू वा हाड वापरण्यात येते. छातीचा स्नायू त्यावरील कातडीसह वळवून मुखात आणण्याची पद्धत १९७९ पासून रूढ झाली. ती तुलनेने कमी खर्चाची व भरवशाची असल्याने आपल्याकडे आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पोटरीतील बारीक हाड घेऊन त्यापासून नवा जबडा घडविण्याची पद्धत १९८९ पासून प्रचारात आली. या पद्धतीत त्या हाडाच्या रक्तवाहिन्या मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात. पायाचे वजन मुख्यतः दुसरे जाड हाड पेलत असल्यामुळे रुग्णाच्या चालण्यास सहसा मोठी बाधा येत नाही.

अशा प्रकारे बसविलेल्या कातडीची वैशिष्ट्ये रुग्णास आधी समजावून सांगणे आवश्यक असते. प्रारंभी तो भाग सुजलेला व अवजड वाटतो. काही महिन्यांत सूज ओसरते. पुरुष रुग्णाच्या छातीवरील कातडी घेतली असेल तर मुखात केस उगवतात. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे या कातडीला बहुधा संवेदना नसते. चहा किती गरम आहे हे तिला कळत नाही आणि घासाचे कण अडकून राहिले तरी जाणवत नाही. म्हणून पेय प्रथम निरोगी बाजूने चाखावे व प्रत्येक खाण्यानंतर आरशात पाहून चूळ भरावी. खालच्या ओठाची संवेदना गेली असल्यास लाळ ओघळलेली रुग्णास समजत नाही. घरच्यांनी चारचौघांत हटकण्याऐवजी हळूच रुमाल पुढे करावा. एवढ्या साध्या गोष्टीनेही माणसाचा आत्मसन्मान राखला जातो.

पहिले काही आठवडे

शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत नाकातून जठरात घातलेल्या नळीवाटे अन्न दिले जाते. हा काळ सामान्यतः एक ते तीन आठवड्यांचा असतो. कधी तो लांबतो आणि रुग्ण नळीसह घरी येतो. नळीतून अन्न देताना रुग्णाला बसते करावे व नंतरही अर्धा ते एक तास आडवे होऊ देऊ नये. अन्न गाळून घ्यावे आणि प्रत्येक वेळी नळी स्वच्छ पाण्याने धुवावी. नळी निसटल्यास ती घरी पुन्हा सरकविण्याचा प्रयत्न कदापि करू नये, कारण ती श्वासमार्गात जाण्याचा संभव असतो. काही रुग्णांच्या गळ्यास श्वासासाठी छिद्र ठेवलेले असते. सूज उतरल्यावर तेथील नळी काढली जाते आणि छिद्र आपोआप मिटते.

मानेच्या शस्त्रक्रियेत खांद्याच्या स्नायूला जाणाऱ्या मज्जातंतूवर ताण पडतो. त्यामुळे हात डोक्यावर नेणे कठीण होते व खांदा उतरल्यासारखा दिसतो. कष्टाची कामे करणाऱ्यांना ही अडचण दातांच्या उणिवेइतकीच जाचते. शल्यविशारदांच्या अनुमतीने खांद्याचे व्यायाम लवकर सुरू केल्यास पुष्कळ सुधारणा होते.

आहार : पेजेपासून मऊ भाकरीपर्यंत

नळी निघाल्यावर पुन्हा गिळण्यास शिकावे लागते. सामान्य समज असा की, पाणी पिणे सर्वांत सोपे. प्रत्यक्षात जिभेची हालचाल मंदावलेल्या रुग्णास पातळ पाणी आवरणे अवघड जाते व ते श्वासमार्गाकडे घरंगळते. त्यामानाने दाटसर पेज, नाचणीचे सत्त्व वा घट्ट ताक सुलभपणे गिळता येते. रुग्णाने ताठ बसावे, लहान घोट घ्यावा आणि गिळताना बोलू नये. खाता-पिताना वारंवार ठसका लागणे, किंवा जेवणानंतर आवाज घोगरा व ओलसर होणे, ही अन्न चुकीच्या मार्गाने जात असल्याची लक्षणे आहेत. त्याकडे दुर्लक्ष केल्यास फुप्फुसाचा दाह होऊ शकतो.

दात नसले म्हणून आहार निकस होण्याचे कारण नाही. तथापि अनेक घरांत रुग्णास केवळ चहा-बिस्किटे व भाताची निवळ यांवर ठेवले जाते. त्याने वजन झपाट्याने घटते, जखम भरण्यास विलंब होतो आणि पुढील उपचार सोसत नाहीत. घोटलेले वरण व मऊ भात, मुगाचे कढण, तुपाची धार घातलेली खिचडी, दूध, दही, उकडून कुस्करलेले अंडे, काटे काढून मऊ केलेली मासळी, पातळ आमटीत मिसळलेले शेंगदाण्याचे बारीक कूट, कुस्करलेले केळे असे पदार्थ दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे द्यावेत. भाकरी ज्यांचा प्राण आहे त्यांना ती दुधात किंवा आमटीत भिजवून, कुस्करून देता येते. तिखट, आंबट व अतिगरम पदार्थ काही काळ वर्ज्य असतात. आठवड्यातून एकदा वजन करून त्याची नोंद ठेवावी. आरोग्य उपकेंद्रात ही सोय असते.

किरणोपचार आणि दात : एक गंभीर सूचना

रोग अधिक वाढलेला असल्यास शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावे लागतात. ते सामान्यतः शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू होतात आणि आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सुमारे सहा आठवडे चालतात. या उपचारांचे दोन परिणाम दातांच्या दृष्टीने निर्णायक ठरतात.

पहिला परिणाम लाळेवर होतो. निरोगी मनुष्याच्या मुखात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती अन्न मऊ करते, दातांवरील आम्ल धुऊन काढते आणि जंतूंना आवर घालते. किरणांमुळे लालापिंड दुबळे झाले की मुख कोरडे पडते आणि उरलेले दात काही महिन्यांतच मुळाशी किडू लागतात. दुसरा परिणाम जबड्याच्या हाडावर होतो. त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात व हाडाची जखम भरून काढण्याची शक्ती कायमची उणावते. अशा हाडातून पुढे दात उपटला तर खड्डा भरून येत नाही. हाड उघडे पडते, सडते व कधीकधी जबडा मोडतो. खालच्या जबड्याला हा धोका विशेष असतो. किरणोपचार संपून दहा वर्षे लोटली तरी तो नाहीसा होत नाही.

यावरून दोन नियम निघतात. ज्या दातांचा भरवसा नाही ते किरणोपचारापूर्वीच काढून टाकावे आणि किरण सुरू होण्याआधी जखम भरण्यास किमान दोन ते तीन आठवडे मिळतील असे पाहावे. या कारणास्तव कित्येकदा मुख्य शस्त्रक्रियेच्या वेळीच असे दात काढले जातात. वरवर चांगले दिसणारे दात काढल्याबद्दल रुग्ण नाराज होतो, परंतु त्यामागे पुढील अनर्थ टाळण्याचा हेतू असतो. दुसरा नियम असा की, जबड्यास किरणोपचार झालेल्या व्यक्तीने कर्करोग रुग्णालयाच्या सल्ल्याशिवाय कोठेही दात काढून घेऊ नये. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन दुखरा दात उपटून येणे ही आपल्याकडील नित्याची गोष्ट आहे. या रुग्णांच्या बाबतीत ती घातक ठरू शकते. आपल्यावर किरणोपचार झाल्याचे रुग्णाने प्रत्येक दंतवैद्यास स्वतःहून सांगावे व रुग्णालयाचा कागद नेहमी जपून ठेवावा.

उरलेले दात टिकविण्यासाठी मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासावे. दंतवैद्याने सांगितल्याप्रमाणे फ्लोराइडचा लेप नियमित लावावा आणि गोड चिकट पदार्थ टाळावेत. जवळ पाण्याची बाटली ठेवून वरचेवर घोट घ्यावा. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरल्याने मुख स्वच्छ राहते. मशेरीने दात घासण्याची सवय मात्र कायमची सोडावी लागते.

आखडणारा जबडा

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या मुखात तिची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. शस्त्रक्रियेनंतरचे व्रण आणि किरणांमुळे कडक होणारे स्नायू यांमुळे जबडा आखडतो. सुपारीच्या सेवनाने ज्यांचे गाल आधीच ताठरलेले असतात त्यांची स्थिती अधिक बिकट होते. मुख ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडू लागले की घास घेणे, दात घासणे व कवळी बसविणे कठीण होते. मुखाची तपासणीसुद्धा नीट करता येत नाही.

यावरचा उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून त्यांची चवड वरच्या व खालच्या दातांमध्ये ठेवावी, ताण जाणवेल इतपत मुख उघडून काही क्षण थांबावे आणि काही दिवसांनी एकेक पट्टी वाढवीत जावे. हा व्यायाम तज्ज्ञांकडून एकदा नीट शिकून घ्यावा आणि जखम भरल्याचे त्यांनी सांगितल्यावरच सुरू करावा. दिवसातून अनेक वेळा, किरणोपचाराच्या काळात व त्यानंतरही कित्येक महिने तो चालू ठेवावा लागतो. एकदा आखडलेला जबडा मोकळा करणे फार दुष्कर असते. तो आखडू न देणे त्यामानाने सोपे असते.

कवळी केव्हा व कशी ?

‘जखम भरली, आता कवळी केव्हा ?’ ही रुग्णाची रास्त उत्सुकता असते. केवळ शस्त्रक्रिया झाली असल्यास साधारणतः दोन-तीन महिन्यांनी कवळीचा विचार करता येतो. किरणोपचार झाले असल्यास सहा महिने ते एक वर्ष थांबावे लागते, कारण नाजूक त्वचेवर कवळी घासून पडलेला व्रण हाडापर्यंत जाऊ शकतो.

वरचा जबडा काढला असेल तर मुख व नाक यांच्यामध्ये भोक राहते. अन्न नाकावाटे बाहेर येते आणि बोलणे गेंगाणे होते. यासाठी टाळूचे भोक बुजविणारी विशेष कवळी तयार करतात. असे साधन सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्र्वाझ पारे यांनी वर्णिले होते. आज त्याचे रूप पुष्कळ सुधारले आहे. तात्पुरते साधन शस्त्रक्रियेच्या वेळीच बसविता येते आणि जखम पूर्ण आकसल्यावर काही महिन्यांनी कायमचे साधन दिले जाते. ते बसविताच रुग्ण पाणी पिऊ लागतो आणि त्याचे बोलणे घरच्यांना समजू लागते.

खालच्या जबड्याचा प्रश्न अधिक अवघड असतो. हाडाचा तुकडा काढून तेथे नवे हाड बसविले नसेल तर उरलेला जबडा एका बाजूस सरकतो व वरखालचे दात जुळेनासे होतात. आरंभीच मार्गदर्शक पट्टी असलेले साधन वापरल्यास जबडा योग्य जागी मिटण्याचे वळण लागते. सामान्य कवळी टिकण्यास हिरडीची भक्कम कड व ओलावा हवा असतो. येथे दोहोंची वाण असते. पोटरीच्या हाडाने जबडा घडविलेला असेल तर त्यात धातूचे खुंट बसवून त्यावर पक्के दात चढविता येतात. टायटॅनियमचा खुंट हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी दाखवून दिले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर त्याचा प्रयोग केला. परंतु हा उपचार खर्चिक आहे व किरणोपचार झालेल्या हाडात त्याच्या यशाचे प्रमाण कमी असते. काही रुग्णांना कवळी मुळीच बसू शकत नाही. हे सत्य त्यांना आधीच स्पष्टपणे सांगणे श्रेयस्कर होय. दुसऱ्या बाजूच्या दातांवर मऊ अन्न खाऊन असंख्य माणसे उत्तम प्रकृती राखून आहेत.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कृत्रिम दंतशास्त्राचे तज्ज्ञ उपलब्ध आहेत. कवळी रात्री काढून ठेवावी, रोज स्वच्छ करावी आणि ती कोठेही टोचू लागल्यास तिचा वापर थांबवून त्वरित दाखवावी.

वाणी व समाजातील वावर

वर्णमालेतील दंत्य, ओष्ठ्य, मूर्धन्य हे भेद शिक्षक वर्गात शिकवितात. या रुग्णांच्या बाबतीत ते भेद जिवंत होऊन समोर येतात. पुढचे दात गेले की त, थ, द, स अस्पष्ट होतात. ओठ नीट मिटेनासा झाला की प, ब, म अडखळतात. जिभेचे टोक वळेनासे झाले की ट, ड, ळ हरवतात. सावकाश, तोंड अधिक उघडून, लहान वाक्यांत बोलण्याचा सराव केल्यास भाषा पुष्कळ सुधारते. मुंबईत १९८३ पासून कार्य करीत असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत, तसेच मोठ्या रुग्णालयांत वाक्-उपचारतज्ज्ञ असतात. घरी रोज वर्तमानपत्रातील एक उतारा मोठ्याने वाचणे हाही उत्तम सराव आहे.

चेहऱ्यावरील व्रण कपड्याने झाकता येत नाही, हे या रोगाचे वेगळे दुःख आहे. अनेक रुग्ण पंक्तीत बसणे सोडतात, लग्नकार्यास जात नाहीत, देवळाच्या पारावरही फिरकत नाहीत. हा रोग स्पर्शाने वा एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हे गावाला ठामपणे सांगितले पाहिजे. स्त्रियांची अवस्था अधिक कठीण असते. घरात सर्वांनंतर जेवणारी गृहिणी स्वतःसाठी वेगळे मऊ अन्न शिजवीत नाही. तिच्यासाठी ते दुसऱ्या कोणी तरी शिजविले पाहिजे.

राज्याच्या सार्वजनिक जीवनातही याचे उदाहरण आहे. ज्येष्ठ नेते श्री. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये मुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. दात काढावे लागले, मुख उघडणे, गिळणे व बोलणे कठीण झाले, आणि तंबाखू-सुपारीपासून चाळीस वर्षांपूर्वी कोणी सावध केले असते तर बरे झाले असते, असे त्यांनी २०१८ मध्ये मुंबईत दंतवैद्यकांच्या सोहळ्यात स्वतः सांगितले. शस्त्रक्रियेनंतरही त्यांनी सभांतील भाषणे दीर्घकाळ चालू ठेवली. शस्त्रक्रिया झालेला मनुष्य सार्वजनिक कार्यातून बाद होत नाही, हे यावरून दिसून येते.

पुनर्तपासणी व व्यसनमुक्ती

रोग उलटण्याचा संभव पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी व पुढे रुग्णालय सांगेल त्याप्रमाणे तपासणी करून घ्यावी. मानेवर किरणोपचार झाले असल्यास गळ्यातील अवटुग्रंथी मंदावते; त्यासाठी रक्ततपासणी अधूनमधून आवश्यक असते. नवा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, मानेत गाठ, कानात कळा, उघडे पडलेले हाड यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

शस्त्रक्रियेनंतरही तंबाखू चालू ठेवणाऱ्यांना दुसऱ्या जागी नवा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. व्यसन सोडण्यास साहाय्य करणारी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय दूरध्वनिसेवा २०१६ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

साहाय्याच्या योजना व गावाचे कर्तव्य

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली मान्यताप्राप्त रुग्णालयांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार समाविष्ट आहेत. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ मध्ये सुरू झाली असून तीत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. मान्यताप्राप्त रुग्णालयातील आरोग्यमित्र कागदपत्रांबाबत मार्गदर्शन करतात. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णास व त्याच्या एका सोबत्यास भाड्यात सवलत मिळते. शिधापत्रिका वा ओळखपत्रातील नाव जुळत नाही एवढ्याशा कारणाने उपचार लांबतात, असा अनुभव येतो. अशा वेळी ग्रामसेवक व तलाठी यांची तत्परता औषधाइतकीच मोलाची ठरते.

पंचायतीने गावातील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती आशा कार्यकर्तीमार्फत ठेवावी आणि त्यांच्या तपासणीच्या तारखा चुकणार नाहीत असे पाहावे. नळी निसटल्यास वा रक्तस्राव झाल्यास वाहन कोठून मिळेल, हेही आधीच ठरवून ठेवावे. तीस वर्षांवरील व्यक्तींची मुखतपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. तिला गावातील प्रत्येकाने हजर राहावे यासाठी सदस्यांनी प्रथम स्वतः तपासून घ्यावे. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मुखतपासणी केली. त्यामुळे तंबाखू वा मद्याचे सेवन करणाऱ्यांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. शाळेच्या परिसरात शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तिची अंमलबजावणी शिक्षक व पंचायत यांनी मिळून करावयाची आहे. शाळेतील एखाद्या मुलाचे वडील वा आई या आजारातून उठत असतील तर त्या मुलाची वर्गात थट्टा होणार नाही, याचीही दक्षता शिक्षकांनी घ्यावी.

शल्यविशारद रोग काढून टाकतो. परंतु त्यानंतरचा प्रत्येक घास शिकावा लागतो, प्रत्येक शब्द नव्याने जुळवावा लागतो आणि हे काम रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, घरात व गावात पार पडते. ज्या दिवशी असा रुग्ण पंक्तीत बसून सर्वांबरोबर दूध-भाकरी खातो आणि शेजारचा माणूस त्याचे अस्पष्ट बोलणे घाई न करता ऐकून घेतो, त्याच दिवशी ती शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने पूर्ण होते.